रुपया मजबूत झाला म्हणजे नेमके कोण मजबूत झाले?

रुपया घसरला की विरोधक देशाची नाचक्की झाली म्हणून ओरडतात. रुपया वधारला की सत्ताधारी देशाची मान उंचावली म्हणून मिरवतात. सरकार बदलले की दोघे आपापली वाक्ये एकमेकांना देऊन टाकतात. आणि आपली पोरे? ती या दोघांपैकी कुणाचा तरी मेसेज पुढे ढकलून मोकळी होतात.

मित्रहो, रुपयाचा भाव म्हणजे राष्ट्राची इभ्रत, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका. रुपयाचा भाव हा वाटपाचा हिशोब आहे. तो वर गेला की काहींच्या ताटात वाढते, काहींच्या ताटातले जाते. खाली आला की ताटे बदलतात. पण एक गोष्ट दोन्ही वेळा तशीच राहते. ज्याच्याकडे कागद आहे, म्हणजे रोखे, ठेवी, परकीय चलन, तो आपला कागद सावरून घेतो. ज्याच्याकडे फक्त मजुरी आहे, त्याला सावरायला काहीच नसते. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे आणि ते बाबासाहेबांच्या आधाराने सांगायचे आहे.

दर १४ एप्रिलला आपण अभिमानाने सांगतो की रिझर्व्ह बँकेमागे बाबासाहेबांचा विचार आहे. १९२३ साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाला, डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली, १९३५ मध्ये बँक सुरू झाली. हे सगळे आपल्याला पाठ आहे, बॅनरवरही असते. पण त्या ग्रंथात आहे काय, आयोगापुढे बाबासाहेब काय बोलले, असे विचारले की सभेत शांतता पसरते. ग्रंथाचे नाव माहीत असणे आणि ग्रंथ माहीत असणे यात फार अंतर आहे. हे अंतर प्रस्थापितांच्या सोयीचे आहे.

आधी कर्जरोखा म्हणजे काय ते बघू. ठरलेल्या चलनात, ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम देण्याचे लेखी वचन म्हणजे रोखा. खेड्यातल्या सावकाराच्या ट्रंकेतला अंगठा लावलेला कागद आणि लंडनच्या बाजारात विकला जाणारा ब्रिटिश सरकारचा कागद यांची जात एकच. आता समजा रुपया बळावला. हातात पौंडाचा किंवा डॉलरचा रोखा असेल तर रुपयात मोजताना त्याची किंमत घटते. हातात रुपयाचा रोखा असेल तर तो परक्या चलनात वजनदार होतो. आणि रुपया बळावल्यामुळे मालाचे भाव उतरले, तर ज्याने रुपयात कर्ज काढले आहे त्याच्या मानेवरचे ओझेही वाढते. तेवढेच रुपये फेडायला त्याला जास्त भात विकावे लागते.

मोठा गुंतवणूकदार अशा वेळी काय करतो? रुपया बळावणार याची चाहूल लागताच तो परदेशी रोखे कमी करतो, लांब मुदतीचे रुपयाचे रोखे घेतो. जे परदेशी रोखे ठेवायचेच असतात, त्यांच्या डॉलरचा पुढचा भाव आधीच करार करून बांधून घेतो. एका दिवसाचे काम. भातशेतीवाला, खलाशी, गिरणी कामगार यातले काय करू शकतो?

आता इतिहास पाहा. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा होता, म्हणजे पौंडाला १५ रुपये. युद्धात चांदी महागली आणि रुपयाचा भाव चढत गेला. १९२० साली बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या शिफारशीवरून सरकारने रुपया २ शिलिंगवर नेला. पौंड १० रुपयांचा झाला. समितीतले एकटे हिंदी सदस्य दादीबा दलाल यांनी याला विरोध नोंदवला होता, तो कुणी ऐकला नाही.

आता मेख इथे आहे. हिंदुस्थानच्या नोटांमागे जो राखीव निधी होता, त्यात ब्रिटिश सरकारचे पौंडातले रोखे होते. काल १५ रुपये किमतीचा धरलेला पौंड आज १० रुपयांचा झाला. एका कलमासरशी निधीला भगदाड पडले. हे भगदाड सरकारने कसे बुजवले? कायदा केला आणि खास त्यासाठी स्वतःचेच रुपयाचे रोखे तयार करून निधीत भरले. म्हणजे वचनाच्या जागी दुसरे वचन ठेवले. कागद सावरला गेला.

आणि तो २ शिलिंगचा भाव तरी टिकला का? नाही. तो टिकवण्यासाठी सरकारने लंडनमधला आपला पौंडाचा साठा स्वस्तात विकायला काढला. ज्यांच्याकडे रुपये होते आणि ज्यांना ते पौंडात न्यायचे होते, त्यांनी ही संधी साधली. १९२१ मध्ये रुपया जुन्या १६ पेन्सांच्याही खाली कोसळला होता. खजिन्याचे कोट्यवधी रुपये गेले. ते कुणाच्या करातून भरले गेले असतील याचा विचार करा. मिठावर कर देणाऱ्याला पौंड म्हणजे काय हेही माहीत नव्हते.

नेमक्या याच काळात बाबासाहेब लंडनमध्ये बसून आपला प्रबंध लिहीत होते. हा विषय त्यांनी हौसेखातर निवडला असेल, असे ज्याला वाटते त्याने हे साल पुन्हा बघावे.

त्या ग्रंथात बाबासाहेबांनी केन्सला आव्हान दिले. केन्स तेव्हा हिंदुस्थानच्या चलनपद्धतीचे समर्थक होते. देशात रुपया, आणि परदेशी देण्याघेण्यापुरते त्याचे सोन्याशी नाते, अशी ती पद्धत. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर ठेवला म्हणजे चलन सुधारले असे होत नाही. देशातल्या माणसाच्या हातातल्या रुपयाला बाजारात किती धान्य मिळते, ते स्थिर राहिले पाहिजे. ज्यांच्या हाती चलन काढण्याचा अधिकार आहे, त्यांच्या मर्जीवर ते सोडू नका. चलन काढण्यालाच मर्यादा घाला. राखीव निधीबद्दलही त्यांनी आयोगाला सांगितले की या पद्धतीत निधी वाढतो तो आणखी रुपये काढल्यावरच. म्हणजे ज्या देण्याच्या सुरक्षेसाठी निधी, ते देणे वाढवल्याशिवाय निधी वाढत नाही. ही सुरक्षितता नाही, हा देखावा आहे.

१९२५-२६ मध्ये वाद पेटला तो १६ पेन्स की १८ पेन्स यावर. सरकारला १८ हवा होता. १८ पेन्सचा रुपया म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. इंग्लंडला पाठवायची देणी, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, लंडनच्या कर्जावरचे व्याज, सगळे रुपयात स्वस्त झाले. इथे रुपयात पगार घेऊन घरी पौंड पाठवणाऱ्या साहेबाला त्याच पगारात साडेबारा टक्के जादा पेन्स मिळू लागले. उलट मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी १६ पेन्ससाठी उभे राहिले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगात भिन्नमतपत्रिका जोडली. स्वस्त रुपया म्हणजे राष्ट्रहित, असा या बाजूचा पुकारा होता.

बाबासाहेबांनी या पुकाऱ्यातली हवाच काढून घेतली. त्यांचा मुद्दा असा होता की स्वस्त रुपयाने व्यापाऱ्याला जो नफा होतो तो परदेशातून येत नाही. रुपया स्वस्त झाला की भाव वाढतात, मजुरी मात्र मागे राहते. त्या दोहोंमधली फट म्हणजे व्यापाऱ्याचा नफा. एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेला पैसा, त्याला राष्ट्राचा फायदा म्हणायचे कसे? बघा, सरकारच्या राजनिष्ठेलाही शरण नाही आणि शेठजींच्या देशभक्तीलाही शरण नाही. प्रश्न एकच: यात कष्टकऱ्याचा वाटा किती?

मार्च १९२७ मध्ये दिल्लीच्या विधिमंडळात १८ पेन्सचा कायदा अगदी थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. त्याच मार्चच्या १९ आणि २० तारखांना महाडला परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले. एकीकडे रुपयाची किंमत ठरत होती, दुसरीकडे माणसाची. रुपयाची किंमत ठरवणाऱ्या सभागृहात तळ्यावर गेलेल्यांपैकी कुणाचेही मत नव्हते.

मग बळावलेल्या रुपयाचे कोकणात काय झाले? रत्नागिरी जिल्हा तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवणारा जिल्हा होता. मजबूत रुपयामुळे परदेशी कापड स्वस्त पडते, आम्ही मेलो, अशी मालकांची ओरड सुरू झाली. ओरडीची किंमत कामगारांकडून वसूल झाली. कामाचा बोजा वाढवणे, माणसे कमी करणे, मजुरी छाटणे, आणि त्यातून १९२८ चा महिनोन्‌महिने चाललेला संप. त्या गिरण्यांत आपल्या माणसांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात शिवूही देत नव्हते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच चव्हाट्यावर मांडले होते. म्हणजे स्वस्त रुपयात महागाईने मरायचे, महाग रुपयात मजुरीकपातीने मरायचे, आणि मरणाऱ्यांतही शेवटच्या पायरीवर आपण.

गावी राहिलेल्यांची गत वेगळी नव्हती. १९२९ नंतर जगभर शेतमालाचे भाव कोसळले. सरकारने रुपया १८ पेन्सलाच बांधून ठेवला. भाताचा भाव पडला, पण रोख्यावरचा आकडा तोच राहिला. घरातल्या बाईच्या अंगावरचे सोने बाजारात गेले. १९३१ नंतर या देशातून सोन्याचा ओघ बाहेर लागला तो हौसेने नव्हे. खोताच्या आणि सावकाराच्या कागदाला एक पैची झळ लागली नाही, उलट त्याचे वजन वाढले. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. तो लढा जमिनीचा होता, तसाच या कागदाविरुद्धचाही होता.

आता आजच्या बुरोंडीत या. दापोली तालुक्यातले हे बंदर. जवळच दापोली, जिथे निवृत्तीनंतर सुभेदार रामजी काही वर्षे कुटुंबासह राहिले. पुढे मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. या किनाऱ्यावर फिरताना कुणी म्हणू नये की डॉलर आपल्यापासून लांब आहे. इथल्या कितीतरी घरांच्या चुली आखातातल्या पगारावर पेटतात आणि तिथले दिरहम आणि रियाल डॉलरला बांधलेले आहेत. २००७ साली रुपया डॉलरमागे सुमारे ४४ वरून ३९ च्या घरात आला. वृत्तपत्रांनी ‘तगडा रुपया’ म्हणून मथळे दिले. त्या वर्षाच्या सुरुवातीला हजार दिरहम पाठवले तर घरी सुमारे बारा हजार रुपये पोचत. वर्षअखेरीस तेच पावणेअकरा हजारांच्या आसपास आले. तिकडे घाम तेवढाच, इकडे घरबांधणीच्या कर्जाचा हप्ता तेवढाच.

दुसरे घर खलाशाचे. कोळंबी आणि म्हाकूळ परदेशी जाते तेव्हा निर्यातदाराला डॉलर मिळतात. रुपया बळावला की त्याच्या हाती रुपये कमी पडतात. तो स्वतःचा नफा कमी करण्याआधी बंदरावरचा भाव पाडतो, आणि भाव पडला की खलाशाचा वाटा पडतो. तिसरे घर पेन्शनवाल्याचे. त्याला बांधीव रुपये मिळतात, म्हणून रुपया मजबूत होऊन डिझेल, तेल, डाळ स्वस्त झाली तर त्याचा खरोखर फायदा व्हायला हवा. पण पंपावरचा दर कच्च्या तेलाबरोबर जितक्या उत्साहाने चढतो तितक्या उत्साहाने उतरताना कुणी पाहिला आहे? मधला कर सगळे पिऊन टाकतो. शिवाय महागाई नरमली की व्याजदर उतरवले जातात. ज्याने आधीच जुने जास्त व्याजाचे रोखे घेऊन ठेवले आहेत त्याच्या रोख्यांची किंमत वाढते. ज्याची एक लाखाची मुदत ठेव संपली आहे त्याला कमी व्याजावर पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

एकाच गावात, एकाच बातमीचे तीन घरांत तीन अर्थ. मग ‘देशाचा रुपया मजबूत झाला’ या वाक्यातला देश कुठे राहतो?

आता रिझर्व्ह बँकेकडे वळू, कारण १९२० ची गोष्ट संपलेली नाही. आपल्या परकीय गंगाजळीचा मोठा भाग आजही परदेशी सरकारांच्या रोख्यांत आहे. रुपया बळावला की त्याची रुपयातली किंमत घटते. २००६ ते २००७ या एका वर्षात बँकेच्या पुनर्मूल्यांकन खात्यातली शिल्लक सुमारे ८७ हजार कोटींवरून सुमारे २२ हजार कोटींवर आली. रुपया आणखी चढू नये म्हणून बँक डॉलर विकत घेत होती. त्यामुळे बाजारात आलेले रुपये परत शोषून घेण्यासाठी २००४ पासून सरकारने खास रोखे काढले. २००७ मध्ये त्यांची मर्यादा अडीच लाख कोटींपर्यंत नेली. त्या रोख्यांवरचे व्याज सरकारी तिजोरीतून गेले. ते प्रामुख्याने बँकांना आणि मोठ्या वित्तसंस्थांना मिळाले. निर्यातदारांना जो आधार मिळाला त्याचे बिल सर्वांनी भरले.

रुपया घसरतो तेव्हा उलटे. बँकेने पूर्वी स्वस्तात घेतलेले डॉलर महाग भावाने विकले जातात, नफा होतो आणि तो लाभांश म्हणून केंद्र सरकारकडे जातो. २०२३-२४ साठी २ लाख १० हजार ८७४ कोटी, २०२४-२५ साठी २ लाख ६८ हजार ५९० कोटी. यात इतर उत्पन्नही आहे, पण डॉलरविक्रीचा नफा मोठा आहे. त्याच घसरलेल्या रुपयाने तेल, खत, औषध महाग करून जो पैसा गरिबाच्या खिशातून काढला, त्याच घसरणीतून तिजोरीत ही भर पडली. मग तिजोरीतून त्याला परत काय मिळाले? आकडे समोर ठेवतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने जो आराखडा मंजूर केला तो राज्यांचा वाटा धरून पाच वर्षांसाठी ५९ हजार ४८ कोटींचा. पाच वर्षांचा! २०२४-२५ या एका वर्षाच्या लाभांशाच्या पाव हिश्श्याहूनही कमी. कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान पेन्शन २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरली आणि दहा वर्षे उलटून गेली तरी तिथेच अडकून राहिली. रोखे सावरायला कायदे, खाती, समित्या आहेत. हजार रुपयांची पेन्शन सावरायला मात्र कुणाला वेळ नाही.

जून २०२४ पासून भारत सरकारचे रोखे जे. पी. मॉर्गनच्या जागतिक निर्देशांकात आले. परदेशी फंड इथे व्याजही घेणार आणि रुपया वधारला तर विनिमयातला नफाही घेणार. रुपया घसरू लागला की विकून निघून जाणार. त्यांना दोष देत नाही, त्यांचा तो धंदाच आहे. पण इथल्या रुपयाला, इथल्या व्याजदराला त्यांच्या जाण्या-येण्याची भीती बाळगावी लागेल, आणि त्या भीतीपोटी गरिबावरच्या खर्चाला कात्री लागेल, तेव्हा आपण काय म्हणणार आहोत?

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, आधी अत्याचार थांबवा, आरक्षण वाचवा, रुपया-रोखे शेठजींना करू द्या. मी विचारतो, सरकारी नोकऱ्या कमी होतात त्या कोणत्या कारणाने? ‘पैसा नाही’ या कारणाने. शिष्यवृत्ती रखडते ती कशाने? ‘निधी आला नाही’ याने. पैसा कुठून येतो, कुठे जातो, कुणाला आधी पोचतो हे ज्याला कळत नाही, त्याला हे उत्तर मुकाट ऐकून घ्यावे लागते. मनुस्मृतीने शूद्राला धनसंचय नाकारला होता. आज कायद्याने नाकारलेला नाही. फक्त धनाची भाषा शिकवलेली नाही. परिणाम फारसा वेगळा नाही.

तेव्हा करायचे काय? पहिले, जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातला एक छोटा वाटा काढून अभ्यासमंडळ चालवावे आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रकरण-प्रकरण करून वाचावा. मराठीतून, आपल्या उदाहरणांनी. दुसरे, घरचा हिशोब शिका. कमाई एका चलनात आणि कर्ज दुसऱ्या चलनात असेल तर मध्ये खड्डा आहे हे ओळखा. आखातात कमावणाऱ्याने घरचा हप्ता ठरवताना रुपया वधारू शकतो हे गृहीत धरावे. ‘रुपया बुडतोय, डॉलरच्या स्कीममध्ये टाका’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. सरकारी रोखे २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेतून सामान्य माणसालाही दहा हजारांपासून थेट घेता येतात. कोकणातल्या किती बौद्धवाड्यांत हे कुणी समजावून सांगितले आहे? तिसरे, मागणी करा. रिझर्व्ह बँकेच्या लाभांशातून अनुसूचित जाती उपयोजनेला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळालाच पाहिजे. किमान पेन्शन महागाईशी बांधली पाहिजे. शिष्यवृत्तीची रक्कमही तशीच बांधली पाहिजे, आज ठरवली आणि दहा वर्षे विसरली असे चालणार नाही.

पुढच्या वेळी रुपया वधारल्याचा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला एकच प्रश्न करा: कुणाचा कागद सावरला गेला, आणि कुणाची मजुरी? बाबासाहेबांनी आयोगासमोर हाच प्रश्न ठेवला होता. शंभर वर्षे झाली, सरकारे बदलली, शिलिंग-पेन्स गेले, डॉलर आला, तरी उत्तर अजून द्यायचे राहिले आहे. ते वसूल करणे हे आपले काम आहे.

जय भीम!